रोपे किती आणि आया किती? सड्या-कड्यांवरील दुर्मीळ वनस्पतींच्या पुनर्स्थापनेचे नियोजन

शिंदळ माकुडीच्या मांसल खोडाचा बोटभर तुकडा कापून, कापलेली बाजू तीन-चार दिवस सावलीत वाळू द्यावी आणि मग तो वाळू व मुरमाच्या मोकळ्या मिश्रणात टोचावा. पाणी बेताने दिले तर काही आठवड्यांत मुळे धरतात. जगात फक्त सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर आढळणारी, १८६० च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेल यांनी मुंबई प्रांताचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून ‘फ्रेरिया इंडिका’ असे नाव दिलेली आणि सातारकरांना सज्जनगडामुळे जवळची असलेली ही वनस्पती कुंडीत इतक्या सहज वाढते, हाच तिच्या संवर्धनातला मोठा चकवा आहे. आमच्या छोट्या रोपवाटिकेत एके काळी तिच्या दोनशेवर कुंड्या होत्या आणि आलेल्या प्रत्येकाला त्या आम्ही हौसेने दाखवत असू. तिसऱ्या हंगामातही लालसर चांदण्यांसारखी फुले भरभरून आली आणि शिंगांसारख्या जुळ्या शेंगांची एकही जोडी धरली नाही, तेव्हा कोणीतरी नोंदवही उघडली. दोनशेही कुंड्या एकाच रोपाच्या तुकड्यांतून झालेल्या होत्या. शेंग न धरण्याला परागण करणाऱ्या माश्या न येणे हेही कारण असू शकते, त्यामुळे सगळा दोष जनुकांवर ढकलणार नाही. परंतु त्या कुंड्या कड्यावर नेऊन लावल्या असत्या, तर तेथे दोनशे रोपे दिसली असती आणि वनस्पती मात्र एकच असती.

तासगाव-मिरजेकडच्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. द्राक्षबागेतील सगळे वेल काडीपासून केलेले असतात, म्हणून भुरी किंवा डाऊनी आली की बाग एका झाडासारखी आजारी पडते. बागाईतदार फवारणी करून ती तगवतो. कड्यावर फवारणीला कोणी जात नाही. तेथे रोगाला, कोरड्या वर्षाला आणि बदलत्या पावसाला तोंड देण्याची तयारी त्या समूहाच्या जनुकांतच असावी लागते. पुढे जे टप्पे दिले आहेत, त्यांत रोपे किती झाली यापेक्षा ती किती वेगवेगळ्या आयांची, म्हणजे ज्यांच्यापासून ती झाली त्या मूळ रोपांची, आहेत, हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी आधी विचारला आहे.

हलवण्याची गरज खरोखर आहे का

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०१३ मध्ये स्थलांतरणाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत मुख्यतः तीन प्रकार वेगळे केले आहेत: जेथे वनस्पती आजही आहे तेथे नवी रोपे घालून समूह बळकट करणे, जेथून ती नाहीशी झाली तेथे ती परत आणणे, आणि जेथे ती कधीच नव्हती अशा ठिकाणी संकटातून वाचवण्यासाठी तिला नेणे. जोखीम या क्रमाने वाढत जाते. आपल्या जिल्ह्यांत काम करणाऱ्या हौशी गटांनी तिसऱ्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कास, चाळकेवाडी किंवा पाचगणीच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, इतक्या प्रदेशनिष्ठ प्रजाती दाटीने राहतात की एकीला वाचवताना दुसरीची जागा जाऊ शकते.

कोणताही प्रकार निवडला तरी पहिला प्रश्न एकच: ती येथून का गेली? वणव्याने, जांभ्याच्या खाणीने, रस्त्याने, पवनचक्क्यांच्या बांधकामाने, पर्यटकांच्या पायांनी, कंद खणून नेल्याने, की परागण करणारा कीटकच उरला नाही म्हणून? कारण तसेच कायम असेल तर नवी रोपेही त्याच वाटेने जाणार. अनेकदा असे दिसते की दोन हंगाम वाट वळवली, वणवा रोखला आणि रानमोडी उपटली की मूळ समूह स्वतःच सावरतो. अशा वेळी रोपवाटिकेचा खर्च वाचतो आणि जनुकांनाही धक्का लागत नाही.

परवानगीचा विषय थोडक्यात सांगतो, पण तो सर्वांत आधी हाती घ्यावा. साताऱ्याच्या पठारांचा मोठा भाग राखीव वनात आहे, तेथे उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी लागते. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रात मुख्य वन्यजीव संरक्षकांपर्यंत जावे लागते. मालकीच्या जमिनीवर मालकाची संमती पुरेशी वाटते, तरी जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये स्थापन झालेल्या गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला विश्वासात घ्यावे आणि लोक जैवविविधता नोंदवहीत नोंद करावी. रोपांची नेमकी जागा मात्र कोठेही छापू नये. सज्जनगडाचे नाव येथे घेतले ते पूर्वीच अनेकदा छापून आलेले आहे म्हणून.

गणना: दिसणारी संख्या आणि प्रभावी संख्या

मूळ समूहाची गणना फुलोऱ्याच्या काळात करावी, कारण कंदिलासारखी फुले येणाऱ्या कंदीलपुष्पाचा वेल गवतात फुलाविना ओळखणे जाणत्यालाही जड जाते. फुललेली, न फुललेली आणि बियांपासून आलेली लहान रोपे वेगवेगळी मोजावीत. जमिनीलगत पसरून मुळे धरणाऱ्या वनस्पतीचा सलग पुंजका हे एकच रोप समजावे. शिंदळ माकुडीच्या बाबतीत कड्याच्या एका भेगेतील पन्नास फांद्या बहुधा एकाच मातेच्या असतात.

आता प्रभावी संख्या. एखाद्या समूहात शंभर रोपे असली तरी पुढच्या पिढीला जनुके देणारी रोपे, म्हणजेच प्रभावी संख्या, त्याहून खूप कमी असतात. पपईप्रमाणे नर आणि मादी झाडे वेगळी असलेल्या प्रजातीत ९० माद्या आणि १० नर असतील, तर चारला दोन्ही संख्यांनी गुणून एकूण संख्येने भागावे, या सूत्राने प्रभावी संख्या ३६ येते. संख्या वर्षागणिक चढउतार करत असेल तर फटका आणखी मोठा बसतो: दोन पिढ्या ५०० रोपे आणि मधल्या एका पिढीत वणव्यामुळे फक्त २०, अशा समूहाची सरासरी प्रभावी संख्या ५६ च्या आसपास येते, साध्या सरासरीने येणारी ३४० नव्हे, कारण लहान पिढीचा भार येथे जास्त पडतो. अंतःप्रजननाचे, म्हणजे जवळच्या नात्यातील संकराचे, तातडीचे नुकसान टाळायला प्रभावी संख्या किमान ५० आणि दीर्घकाळ बदलत्या परिस्थितीशी जुळवून घ्यायला ५०० हवी, हा १९८० पासून चालत आलेला ठोकताळा आहे. पुढे काही अभ्यासकांनी तो दुप्पट करून १०० आणि १००० असा मांडला. निसर्गात प्रभावी संख्या प्रत्यक्ष संख्येच्या साधारण दहाव्या भागाइतकीच भरते, हे ध्यानात घेतले की वीस-तीस रोपे लावून फोटो काढण्याच्या कार्यक्रमाचे मोल किती, हे वाचकानेच ठरवावे.

बी गोळा करणे

सगळ्या कामात सर्वाधिक लक्ष या टप्प्यावर द्यावे, कारण येथे जे सुटले ते पुढे कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. नात्याने दूर असलेल्या मातांची संख्या वाढत गेली की मूळ समूहातील विविधतेचा किती भाग हाती येतो, याचे गणित सोपे आहे: एका रोपापासून सुमारे ५० टक्के, पाचांपासून ९०, दहांपासून ९५ आणि तीसांपासून ९८ टक्के. हे आकडे पाहून पुष्कळ जण दहावर थांबतात. पण ही टक्केवारी वारंवार आढळणाऱ्या जनुकरूपांच्या बळावर भरते. एखाद्या नव्या रोगाला तोंड देणारे रूप कदाचित शंभरात पाचच प्रतींत असेल, आणि तसे रूप ९५ टक्के खात्रीने पकडायचे तर परपरागण होणाऱ्या प्रजातीत किमान तीस, आणि स्वपरागण होणाऱ्या प्रजातीत साठच्या आसपास माता लागतात. व्यवहारात प्रत्येक समूहातून पन्नास मातांचे लक्ष्य ठेवावे. मुळात बाराच रोपे उरली असतील तर बाराही रोपांचे बी घ्यावे, एकही गाळू नये.

माता निवडताना हात आपोआप मोठ्या, टवटवीत आणि वाटेजवळच्या रोपांकडे जातो. तसे होऊ देऊ नये. सड्याची कड, मधला भाग, डबक्याचा काठ, कातळाची फट, झुडपाखालची सावली अशा सर्व जागांतून आणि एकमेकांपासून काही मीटर दूर असलेल्या रोपांतून बी घ्यावे. संग्रह किमान दोन-तीन वर्षांत विभागावा. एकाच फेरीत आपण लवकर फुलणारीच रोपे उचलतो आणि उशिरा फुलणाऱ्यांची जनुके मागे राहतात. त्या दिवशी पक्व असलेल्या बियांच्या वीस टक्क्यांहून अधिक कधीही घेऊ नये, आणि समूह अगदी लहान असेल तर दहा टक्क्यांवर थांबावे.

कंदीलपुष्पाचे उदाहरण जवळून पाहू. कासवर सोमाडा म्हणून ओळखली जाणारी, वेल न होता ताठ उभी राहणारी ‘सेरोपेजिया जैनी’ असो किंवा खरचुडीच्या वेलवर्गीय प्रजाती असोत, फुलाची नळी हा छोट्या माश्यांसाठी तात्पुरता सापळा असतो. आतले खाली वळलेले केस माशीला अडवतात, ते सुकले की ती परागपुंज घेऊन सुटते. शेकडो फुलांतून थोड्याच शेंगा धरतात. त्या शेंगा उकलल्या की रुईच्या म्हाताऱ्यांसारखे केसाळ बी वाऱ्यावर निघून जाते, आणि हे घडायला दुपारच्या उन्हाचा एक तास पुरतो. म्हणून शेंग हिरवी असतानाच तिच्यावर मलमलीची छोटी पिशवी सैल गाठीने बांधावी, शेंगेचा रंग फिकट पिवळसर झाल्यावर दर दोन दिवसांनी पाहणी करावी, आणि उकललेल्या शेंगेतील आपला वाटा घेऊन उरलेले बी तेथेच, मातेच्या आसपास, हाताने उडवून द्यावे. प्लास्टिकची पिशवी वापरू नये. आत घाम धरून बी बुरसते.

प्रत्येक मातेचे बी स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवावे. सगळे बी एका डब्यात ओतणे ही मी पाहिलेली सर्वांत सर्रास आणि सर्वांत महाग चूक आहे, कारण त्या क्षणी कोण कोणाचे हे कळण्याचा मार्ग बंद होतो. पाकिटावर मातेचा क्रमांक, तारीख, उंची, जागेचे वर्णन आणि आसपासच्या वनस्पती एवढे पेन्सिलीने लिहावे. पहिल्या सरीत शाई पुसली जाते, पेन्सिल टिकते. साठवणीसाठी बी आधी ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या बंद डब्यात वाळवावे. बियांतील ओलावा एक टक्क्याने उतरला किंवा साठवणीचे तापमान पाच अंशांनी कमी झाले, तर बियांचे आयुष्य साधारण दुप्पट होते. मात्र जांभूळ-आंब्यासारखे ओले, मोठे बी वाळवले की मरते, त्यामुळे प्रजातीचा स्वभाव ओळखूनच हे करावे. थोड्या बियांची उगवण-चाचणी लगेच घ्यावी.

दोन सड्यांचे बी एकत्र करावे का

या प्रश्नावर जाणकारांतही मतभेद होतात. एका बाजूला अंतःप्रजनन: भावंडांचाच संकर होत राहिला की बी कमी धरते, रोपे खुरटतात. दुसऱ्या बाजूला अशी भीती की दूरच्या दोन समूहांची जनुके मिसळली तर स्थानिक परिस्थितीशी जुळलेली घडी विस्कटेल. ही दुसरी जोखीम कमी असते, जर दोन्ही समूहांची गुणसूत्रसंख्या सारखी असेल, गेल्या सुमारे पाचशे वर्षांत त्यांच्यात देवाणघेवाण झालेली असण्याची शक्यता असेल आणि उंची, पाऊस, माती यांत मोठा फरक नसेल. एकाच पठारावर रस्त्याने किंवा शेतीने अलीकडे तुटलेले पुंजके म्हणूनच निःशंकपणे मिसळावेत. कासच्या पावसातील आणि माणदेशाच्या कडेच्या कोरड्या डोंगरावरील समूह मिसळू नयेत. मधल्या प्रकरणांत आधी थोड्या रोपांवर हाताने परागण करून चाचणी घ्यावी आणि ती दुसऱ्या पिढीपर्यंत न्यावी, कारण विस्कटलेली घडी पहिल्या पिढीत झाकलेली राहून दुसऱ्या पिढीत उघड होते. कंदीलपुष्पात पराग सुटे नसून पुंजांत बांधलेले असल्याने हे काम सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने करावे लागते. सरावाशिवाय पहिल्या हंगामात यशाची अपेक्षा धरू नये.

माझे स्वतःचे मत असे की आपल्याकडे मिसळण्याची भीती वाजवीपेक्षा जास्त आहे. दहा-पंधरा रोपे उरलेल्या समूहाला शुद्धतेच्या नावाखाली एकटे ठेवणे, हा त्याला संपवण्याचाच सावकाश मार्ग आहे. प्रत्येक पिढीत बाहेरून एखादे रोप जरी येऊन प्रजननात सामील झाले, तरी समूहातील विविधतेची घसरण बरीच रोखली जाते.

रोपवाटिका

रोपवाटिकेत नकळत निवड होते. आधी उगवलेली रोपे आधी कुंडीत जातात, मागे राहिलेली फेकली जातात, आणि दोन पिढ्यांत आपण रोपवाटिकेला मानवणारी, सड्याला न मानवणारी वनस्पती घडवून बसतो. म्हणून उशिरा उगवलेली रोपेही सांभाळावीत, प्रत्येक मातेची जवळपास सारख्याच संख्येने रोपे पुढे न्यावीत आणि शक्यतो रानातून आणलेल्या बियांच्या पहिल्याच पिढीची रोपे सड्यावर न्यावीत. खत देऊन माजवलेले रोप जांभ्यावरच्या चार बोटे मातीत टिकत नाही. मिश्रणात शेणखत टाळावे. जांभ्याचा चुरा, वाळू आणि थोडा पालापाचोळा पुरतो.

ऊतिसंवर्धनाने, म्हणजे प्रयोगशाळेत ऊतींपासून, रोपे वाढवायची असतील तर सुरुवात अनेक मातांच्या बियांपासून करावी, एका रोपाच्या तुकड्यापासून नव्हे. जवळच्या नात्यातील प्रजाती शेजारी ठेवल्यास नकोसा संकर होऊ शकतो, त्यामुळे बी धरायच्या रोपांवर बारीक जाळी घालावी. पिठ्या ढेकूण आणि सूत्रकृमी कुंडीबरोबर सड्यावर जाऊ नयेत, म्हणून नेण्याआधी महिनाभर रोपे वेगळी ठेवून तपासावीत आणि कुंडीत उगवलेले गाजर गवताचे एकेक रोप उपटावे. क्रमांकाची पट्टी अॅल्युमिनिअमची असावी व क्रमांक खिळ्याने कोरावा. सगळा संग्रह एकाच जागी ठेवू नये. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांचा मोठा संग्रह जोपासला आहे. अशा अनुभवी संस्थेकडे प्रत्येक मातेच्या वंशाची एक प्रत असावी.

जागा आणि लागवड

सडा ओसाड नाही, हे आधी पक्के समजून घ्यावे. वृक्षारोपणाच्या उत्साहात सड्यावर खड्डे खणणारे लोक ज्या जागेला मोकळी म्हणतात, तेथेच गेंद, सीतेची आसवे आणि दीपकाडी या रानफुलांची भरगच्च वस्ती असते. लागवडीसाठी जागा ठरवताना मूळ समूहातील सूक्ष्म जागांचे अनुकरण करावे. साताऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा वायतुरा पावसाळी डबक्यात आणि ओहळात वाढतो, उन्हाळा कंदाच्या रूपात काढतो. डबके डिसेंबरात आटते की मार्चमध्ये, एवढ्या फरकानेही त्याचे भवितव्य बदलू शकते. म्हणून निवडलेल्या जागेची किमान एक पूर्ण वर्ष, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, पाहणी करावी. जागा खात्रीची वाटली तरी दोन-तीन ठिकाणी विभागून लावावे.

लागवड मृगाच्या पहिल्या सरीला करू नये. पाऊस लागून माती खोलवर भिजली, म्हणजे साधारण जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ढगाळ सकाळी काम करावे. रोपे रांगेत नव्हे, तर नैसर्गिक फटींत लावावीत, आणि एकाच मातेची रोपे शेजारी येऊ देऊ नयेत, म्हणजे माशी एका फुलावरून दुसऱ्यावर गेली की परागण दोन वेगळ्या वंशांत होईल. कंदाभोवती दगड बसवून वर गंजणार नाही अशी जाळी ठेवल्यास साळिंदर आणि रानडुक्कर यांना उकरणे अवघड जाते. सगळी रोपे एकाच वर्षी लावू नयेत. एक तृतीयांश रोपवाटिकेत राखून ठेवावीत आणि उरलेली निदान दोन पावसाळ्यांत विभागावीत.

किती रोपे लावावीत, हे ठरवताना जगभरच्या अनुभवाकडे पाहावे. २४९ प्रजातींच्या पुनर्स्थापनेचा २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की लावलेल्यांपैकी सरासरी ५२ टक्के रोपे जगली, १९ टक्के फुलली आणि १६ टक्क्यांना फळे धरली. या हिशेबाने ३०० रोपे लावली तर फळे धरणारी सुमारे ४८ हाती लागतात, आणि तीही तीस मातांत वाटली गेलेली असावी लागतात.

पाहणी

पहिल्या वर्षी दर महिन्याला, नंतर फुलोऱ्यात आणि शेंगा धरताना पाहणी करावी. कंद असलेली वनस्पती एखाद्या पावसाळ्यात डोके वर काढत नाही, त्यामुळे सलग तीन हंगाम न दिसल्याशिवाय ती मेली असे लिहू नये. मातेच्या क्रमांकानुसार जगण्याचा हिशेब ठेवला तर महत्त्वाची गोष्ट कळते: तीस वंशांपैकी चारच टिकले असतील, तर एकूण आकडा समाधानकारक दिसत असूनही राखीव रोपांतून उरलेल्या वंशांची भर घालण्याची वेळ आलेली असते. लावलेल्या रोपांच्या बियांपासून तेथेच उगवलेली रोपे स्वतः फुलली, की मगच समूह बसला असे म्हणता येते, आणि त्याला दहा वर्षे सहज लागतात. त्या सुमारास नव्या पिढीतील तीस-चाळीस रोपांचे बोटाच्या पेराएवढे पान सिलिका जेलमध्ये वाळवून जनुकीय तपासणीसाठी पाठवावे आणि मूळ समूहाशी तुलना करावी. या सगळ्यांत गावचे गुराखी आणि वनरक्षक यांना मानधनासह सामील करून घ्यावे. ते वर्षभर सड्यावर असतात, आपण पाहुण्यांसारखे जातो.

आमच्या त्या दोनशे कुंड्यांपैकी सहा आम्ही ठेवल्या. उरलेल्या शाळा-महाविद्यालयांच्या बागांना दिल्या, आणि प्रत्येक कुंडीवर कोरलेली पट्टी लावली: ‘माता क्रमांक १. पाहण्यासाठी. कड्यावर लावू नये.’